कोंबड्यांचा मसाला, लग्नाची आमटी

लग्नाच्या दिवशी सकाळी साडेसातला कल्याणच्या ध्यानात आलं, की आपण परवापासून कोंबड्यांना बहिणीच्या लग्नाच्या आमटीचं येसर चारून राह्यलोय.

ध्यानात आलं ते जिभेमुळं. नाकाकडून तशी काही आशा नव्हती. आठ वर्षं दोन हजार कोंबड्यांच्या शेडमध्ये दिवसातून तीनदा जाणाऱ्या माणसाचं नाक फक्त चष्मा टेकवायच्या कामाचं उरतं, आणि कल्याणला चष्माही नव्हता. तो टोपल्यात खाद्य घेऊन त्यात मसाल्याची पूड कालवत होता. एक माशी ओठावर बसली, त्यानं पूड लागलेल्या बोटानं ती हाकलली आणि ओठ चाटला. भाजलेली बाजरी. धने. खोबरं. मागून मिरची.

तो तसाच उभा राहिला. पायाशी कोंबड्या माना उंच करून टोपल्याकडं बघत होत्या. कोंबडीला तिखट लागत नाही, हे त्याला ठाऊक होतं. पण आज त्यांच्याकडं बघून त्याला वाटलं, ह्यांना परवापासून सगळं कळलेलं आहे आणि ह्या मुद्दाम गप्प बसल्यात.

"माय गं," कल्याण म्हणाला.

कारण येसर जर इथं असेल, तर कोंबड्यांचं औषध मांडवात होतं.

ही गफलत झाली कशी, तर तीर्थपुरीच्या द्वारकाबाईच्या गिरणीमुळं. द्वारकाबाई मसाला आठवड्यातून एकच दिवस दळायची, मंगळवारी. मसाल्यानंतर गिरणीतून चांगली दोन पायल्या ज्वारी फिरवून काढावी लागते, नाहीतर बुधवारी अख्ख्या गावाच्या भाकरी तिखट. म्हणून मागच्या मंगळवारी कल्याणनं एकाच फेरीत दोन दळणं नेली. एक लग्नाचं येसर: बाजरी, गहू, हरभऱ्याची डाळ खमंग भाजून, त्यात धने, जिरे, मिरे, लवंग, खोबरं, मिरची. ह्याची आमटी पंगतीला वाढली नाही तर त्या भागात लग्न लागलं असं कोणी धरत नाही. दुसरं दळण कोंबड्यांचं: हळद, सुंठ, ओवा, मेथी, मिरे, कलौंजी, दालचिनी, वाळवलेला लसूण, शेवग्याचा पाला, आणि वरून बाभळीच्या कोळशाची पूड. एका शिबिरात त्याला पत्रक मिळालं होतं, त्यावरून त्यानं हा मसाला बनवला होता. इंजेक्शन नको, गोळ्या नको, घरच्या डब्यातल्या जिनसांवर कोंबड्या वाढवायच्या.

दोन्ही दळणं खाद्याच्या रिकाम्या पांढऱ्या गोण्यांत भरली. त्या घरात सगळंच खाद्याच्या गोणीत असायचं. तूर गोणीत, कांदे गोणीत, गोधड्या गोणीत. कल्याणचा बाप, कडूबा, पावसात डोक्यावर घ्यायचा तीही गोणीच. खोलीत डावीकडं येसर, उजवीकडं औषध, असं कल्याणनं डोक्यात पक्कं केलं. मग पाहुणे निजायला येणार म्हणून त्याच्या आईनं, उषाबाईनं, गोण्या बाहेर काढल्या, खोली झाडली, पुसली आणि गोण्या परत जागच्या जागी ठेवल्या. अगदी बराबर ठेवल्या. फक्त ठेवताना तिचं तोंड भिंतीकडं नव्हतं, दाराकडं होतं.

कल्याणनं टोपलं तिथंच टाकलं आणि गाडीला किक मारली. शेडपासून घर अर्धा किलोमीटर. तेवढ्या रस्त्यात त्याला रामराव चार वेळा दिसले. दोनदा तर बाभळीमागं उभे होते.

रामराव म्हणजे त्याच्या बहिणीचे, साधनाचे, होणारे सासरे. कल्याण त्यांना मामा म्हणायचा. अंकुशनगरला साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत त्यांनी तीस वर्षं काढली होती. उसाच्या रसाचा थेंब जिभेवर ठेवून साखरेचा उतारा सांगायचे, आणि घरी आले की तीच जीभ सैपाकाला लावायचे. थोरल्या सुनेच्या कढीत एकदा बेसन कच्चं राहिलं. रामरावांनी आरडाओरडा केला नाही. त्यांनी तिच्या बापाला फोन लावला आणि गोड आवाजात म्हणाले, "पोरीला आठ दिवस घेऊन जावा. कढी शिकवा आन परत आणून सोडा." ही गोष्ट घनसावंगी तालुक्यात घरोघरी पोचली होती. साधनालाही पोचली होती. काल हळद लागलेल्या अंगानं ती भावाला म्हणाली होती, "दादा, पहिल्याच दिवशी माहेरच्या जेवनात खोट निघाली ना, तर त्या घरात मला जन्मभर मान खाली घालून ताटं वाढावी लागतील. बाकी काही करू नको. आमटी तेवढी बघ."

आमटी तेवढी बघ.

मांडवामागं चर खोदून तीन चुली पेटवल्या होत्या, आणि प्रत्येकीवर माणूस पाय पसरून बसेल एवढी कढई. पुंजाराम आचारी मधल्या कढईत वल्हं मारावं तसा लांब दांड्याचा झारा फिरवत होता.

"तात्या, येसर टाकलं का?" कल्याणनं गाडी आडवीच टाकली.

"टाकलं की. कव्हाच टाकलं."

"किती?"

"किती म्हंजी? समदं! तुझं येसर हाय का थट्टा? दाट व्हईना. दोन किलो टाकलं, पानी. चार किलो टाकलं, तरी पानीच. मंग म्हनलं जाऊ दे तिच्यायला, गोनीच उलटी केली."

येसरात भाजलेलं धान्य असतं, त्यानं आमटी दाटते. कोंबड्यांच्या औषधात धान्याचा कण नव्हता. पुंजाराम एक गोणी काय, दहा गोण्या टाकत बसला असता.

"बाराच्या बारा किलो?"

"आजून आसंल तर आन. थोडी पातळच वाटून राह्यली."

कल्याण चुलीजवळच्या विटेवर बसला. वीट चांगलीच तापलेली होती, पण उठायचं त्याला सुचलं नाही. पत्रक त्याला तोंडपाठ होतं: 'शंभर किलो खाद्यात अर्धा किलो मिश्रण. यापेक्षा जास्त देऊ नये.' बस. जास्त दिलं तर काय होतं, ते लिहिणाऱ्यानं लिहिलंच नव्हतं. दोन शब्द अजून लिहायला त्याचं काय जात होतं? पिसं गळतात का? लुळे पडतात का? कल्याणनं हिशेब मांडला. आठशे पाहुणे. एक पाहुणा साठ किलो धरला, म्हणजे दोन-दोन किलोच्या तीस कोंबड्या. आठशे गुणिले तीस, चोवीस हजार कोंबड्या. चोवीस हजार कोंबड्यांना बारा किलो. इथवर जरा धीर आला. मग आठवलं, की कोंबड्या दिवसभर टिपत-टिपत खातात आणि पाहुणे एका बैठकीत भुरकतात, आणि सगळा हिशेब हातातून सुटला.

"तात्या," तो उठून हळूच म्हणाला, "ही आमटी सांडून देऊ."

झारा थांबला. "काय म्हनला?"

"सांडून देऊ. म्या दुसरं येसर घेऊन येतो. जल्दी येतो."

"कामून?"

आता कामून म्हणून काय सांगायचं? चुलीच्या पलीकडं मुलाकडची, रात्रीच मुक्कामी आलेली चार माणसं चहा पीत उभी होती, आणि चौघांचे कान इकडंच होते.

"असंच... रंग बराबर न्हाई."

"रंग!" पुंजारामनं झारा उगारला, त्याचे थेंब कल्याणच्या नव्या सदऱ्यावर उडाले. "चाळीस वर्षं झाले मला कढईपुढं. तुझ्या बापाच्या लग्नाची आमटी म्याच केल्ती. तव्हा तू कुटं व्हता? आन तू मला रंग शिकवून राह्यला? जाय, कोंबड्या सांभाळ जाय!"

चहावाले चौघं हसले. 'कोंबड्या' हा शब्द ऐकून कल्याणनं चौघांकडं दचकून बघितलं.

पुंजाराम तंबाखू मळायला वळला, तसा कल्याणनं कडीला फडकं गुंडाळून कढई कलंडवायला जोर लावला. कढई चरात रुतून बसली होती, आत दीडशे लिटर आमटी होती. तिला कल्याण आल्याचं कळलंसुद्धा नाही. मग त्यानं लाथ घातली. कढई तशीच राहिली, अंगठ्याचं नख मात्र उपटलं. तो एका पायावर नाचत असताना मागून आवाज आला, "वा वा! नवरीचा भाऊ खुशीत हाय!"

रामराव होते. कडक पांढरे कपडे, खिशाला पेन. वऱ्हाड यायला अजून दोन तास होते. पण रामराव कुठल्याही लग्नात सगळ्यांच्या आधी पोचायचे आणि मांडवात न जाता थेट चुलीकडं यायचे.

"पुंजाराम, थेंब दे बरं."

पुंजारामनं पळी पुढं केली. रामरावांनी तळहातावर चार थेंब घेतले. आधी उन्हात धरून बघितले. मग हुंगले. मग जीभ लावली आणि डोळे मिटले.

"सुंठ," रामराव डोळे मिटूनच म्हणाले.

कल्याण एक पाऊल मागं सरला.

"ओवा. मेथी." थोडं थांबून, भुवया वर करून, "कलौंजी?"

आता हा माणूस एकेक जिन्नस काढत सगळं पत्रक वाचणार, आणि शेवटच्या ओळीला आला की म्हणणार, कोंबड्या. कल्याणनं मांडवाचा खांब धरला. खांब हलला, कारण तो मांडववाल्यानं नुसताच टेकवून ठेवला होता.

"आन..." रामरावांनी जीभ तोंडात एकदा फिरवली, "कोळसा."

"कोळसा? माझ्या आमटीत?" पुंजाराम ओरडला.

"धूर रे बाबा! मसाल्याला धूर दिलाय. बाभळीच्या कोळशाचा." रामरावांनी डोळे उघडले. ते ओले होते. "माझी आजी द्यायची असा धूर. ती गेली आन ही चव गेली. कोणी केलं हे येसर?"

"ह्यानंच आनलं दळून," पुंजारामनं कल्याणकडं बोट केलं. "आन हाच म्हनत व्हता सांडून द्या."

"सांडून?" रामराव चकित झाले. मग हसले. "विनय म्हणतात ह्याला! शिकलेल्या पोरात राहिला नाही आता." आणि त्यांनी कल्याणची पाठ थोपटली. प्रत्येक थापेला कल्याण दोन बोटं खाली गेला.

क्षणभर त्याला वाटलं, सुटलो. मग वाटलं, चव झाली, पण मात्रेचं काय?

बारा पस्तीसला लग्न लागलं. अक्षता कल्याणच्या मुठीतच राहिल्या. बायकांना वाटलं, बहिणीवर किती जीव! मग आशीर्वादाची भाषणं सुरू झाली, आणि तिसऱ्याच भाषणाला रामरावांनी माईक ओढून घेतला.

"मी प्रयोगशाळेतला माणूस," ते म्हणाले. "मला आजवर कोणी फसवू शकलं नाही, पुढं फसवणार नाही. आजच्या येसरात काय काय आहे, ते मी एका थेंबात ओळखलंय. असलं शुद्ध येसर ह्या जिल्ह्यात दुसरं नाही. माझ्या शब्दावर सांगतो, लाजू नका, पोटभर आमटी घ्या!"

आठशे माणसांनी टाळ्या वाजवल्या. कल्याणनंही वाजवल्या. हात आपोआप हलत होते.

तिकडची एक रीत आहे. मुलाकडच्या पंगतीला नवरीच्या भावानं आपल्या हातानं आमटी वाढायची, आणि आग्रह करकरून वाढायची. कडूबानं भरलेली बादली त्याच्या हातात दिली. कल्याणनं युक्ती केली. प्रत्येकाच्या द्रोणात अर्धी पळी, तीही वरचं-वरचं पाणी. सहाव्या पानावर नवऱ्या मुलाचे मामा बसले होते. त्यांनी द्रोणात वाकून बघितलं.

"काय कल्याणराव, कोंबड्यायला पानी ठुलं का?"

पंगत खो-खो हसली. कल्याणच्या मनात आलं, ह्यांना कळलं का? न्हाई, नुसती चेष्टा. चेष्टाच.

"बहीण देताना हात मोकळा, आमटी देताना आखडता व्हय?" मामा म्हणाले.

तिकडून कडूबा कडाडला, "आरं वाढ की नीट! आज का माझी इज्जत काढून राह्यला?"

मग त्यानं वाढली. डोळे मिटून, द्रोण भरभरून, तळातली घट्ट पूड ढवळून वाढली. आणि बादली छातीशी धरून एकेकाचं तोंड बघत उभा राहिला.

पत्रकात त्या मिश्रणाचे परिणाम दिले होते. पहिला: पक्षी पाणी जास्त पितात.

"पानी!" कोपऱ्यातून आवाज आला. मग मधून. मग सगळीकडून. "आरं पानी आना हिकडं!" पाण्याचे जार घेऊन पळापळ सुरू झाली.

दुसरा परिणाम जाड अक्षरात छापला होता: पक्ष्यांची भूक वाढते.

एरवी पंगत वीस मिनिटांत उठते. ही उठेना. पाऊण तास झाला तरी उठेना. पुऱ्या आल्या, गेल्या. भात तीनदा फिरला. मागं दुसऱ्या पंगतीची माणसं एकेका बसलेल्याच्या पाठीशी उभी राहिली, आणि बसलेला उठायच्या ऐवजी मागं बघून म्हणायचा, "जरा थांबा हो, आमटी येऊन राह्यली." नवरदेव बबलू, ज्याला आईनं घरून बजावलं होतं की सासरी लाजत खायचं, त्यानं मुंडावळ्या कानामागं सारल्या आणि एकोणीस पुऱ्या खाल्ल्या. विसावी त्याच्या हातातून साधनानं काढून घेतली.

"कल्याण!" कडूबा धापा टाकत आला. त्याचा फेटा सुटला होता. "आठशेचा सैपाक साडेतीनशेत गेला! काय झालंय लोकायला? दुष्काळातून आलेत का काय?"

"बाबा, म्या..."

"बोलू नको! गल्लीत जाय. घरोघर भाकरी थापाय लाव!"

आतापर्यंत कल्याणला एकच भीती होती, आता जोडीला दुसरी आली. पाहुणे औषधानं पडतील की उपाशी उठून नावं ठेवतील? दोन्हीकडून साधनाच बुडत होती. तो फुटक्या अंगठ्यानं गल्लीभर धावला. उषाबाईनं शेजारणी उठवल्या, चुली पेटवल्या. अर्ध्या तासात खाद्याच्या गोण्या भरभरून ज्वारीच्या भाकरी मांडवात आल्या आणि वितळल्यासारख्या संपल्या. शेवटी लोक नुसतीच आमटी प्यायले. एका म्हाताऱ्यानं द्रोण चाटला, मग शेजाऱ्याचा बघितला. साडेतीनला तिन्ही कढया कोरड्या झाल्या, तेव्हा कुठं शेवटची पंगत उठली.

आणि मग सगळ्यात भयंकर प्रकार सुरू झाला. कोणाला काहीच झालं नाही.

उलटी नाही, कळ नाही. माणसं मांडवात जिथं जागा मिळेल तिथं बसली, पोटावर हात ठेवून, डोळे अर्धे मिटून, एका ओळीत. मानपानावरून कोणी भांडेना. टॉवेल-टोपी कमी पडली, तर ज्याला मिळाली नाही तो म्हणाला, "ऱ्हाऊ द्या हो." नवरदेवाचे मामा, जे आजवर अकरा लग्नांत रुसले होते आणि बाराव्याची तयारी करून आले होते, ते कडूबाचा हात हातात घेऊन म्हणाले, "पाव्हणे, समदं कसं छान झालं." हे ऐकून कल्याणच्या अंगावर काटा आला. कारण पत्रकातला तिसरा परिणाम होता: पक्षी शांत राहतात.

तेवढ्यात लांबून रामरावांनी बोटानं खूण केली. इकडं ये.

ते पाण्याच्या टँकरमागं उभे होते, एकटे. कल्याण गेला. चार पावलांचं अंतर, पण त्याला वाटलं आपण अंकुशनगरपर्यंत चालून आलो.

"कल्याण," रामराव हलक्या आवाजात म्हणाले, "एक विचारतो. खरं सांगायचं."

कल्याणच्यानं पुढचं ऐकवलं नाही. सकाळपासून कोंडलेलं सगळं एकदम बाहेर आलं. "मामा, तुमच्या पाया पडतो! साधनाला काही बोलू नका! तिला काहीच ठाऊक न्हाई. येसर न्हवतं ते. कोंबड्यांचं औषध व्हतं. गोन्या बदलल्या. कोंबड्यायनं येसर खाल्लं, आन तुम्ही... आन समद्यायनी..."

टँकरचा नळ ठिबकत होता.

"कोंबड्यांचं," रामराव शेवटी म्हणाले.

"हां, मामा."

"मी दोन किलो घरी न्यायला मागणार होतो. मापं विचारायला बोलावलं होतं तुला."

कल्याण वाट बघत होता, आता आवाज चढणार, आता लोक जमणार, आता साधनाला इथंच ठेवून वऱ्हाड जाणार. मग त्यानं हळूच मान वर केली. रामरावांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"मी माईकवर बोललो," रामराव म्हणाले.

"हां."

"थेंबात ओळखतो म्हणालो."

"हां, मामा. मला कोनी फसवू शकत न्हाई, असंबी म्हनले."

"ते माहीत आहे मला!" रामराव खेकसले आणि पटकन आवाज खाली आणला. "सगळा कारखाना आलाय लग्नाला. बॉयलरवाला पण आलाय. तीस वर्षं तो टपून बसलाय माझी जीभ खोटी पडायला. त्याला जर कळलं, मी भर सभेत कोंबड्यांच्या औषधाला आजीची चव म्हणालो..." त्यांनी कल्याणचं मनगट धरलं. "अजून कोणाला माहीत आहे?"

"कोनालाच न्हाई. तुम्ही आन मी."

"पुंजाराम?"

"न्हाई."

"तुझा बाप?"

"बाबाला कळलं असतं तर मी इथं उभा असतो का?"

रामरावांनी टँकरच्या दोन्ही बाजूंनी डोकावून बघितलं. "हे बघ. तुझ्या बहिणीच्या हातचं मी जन्मभर गपगुमान खाईन. कच्चं वाढू दे, करपलेलं वाढू दे, माझ्या तोंडून शब्द निघणार नाही. पण तू..."

"मेलो तरी न्हाई बोलनार, मामा."

"मरायचं नाव काढू नको!" रामरावांनी घाबरून पोटावर हात ठेवला. "धोका तर नाही ना काही?"

"न्हाई हो, समदं घरातलंच हाय. हळद, सुंठ, ओवा..."

"काय काय आहे ते मी ओळखलंय! चुकलो का एखाद्यात? नाही चुकलो." एवढ्यातही त्यांची छाती जरा फुगली, आणि लगेच बसली. "पण कोंबड्यांना काय होतं त्यानं? ते सांग."

"भूक लागती. पानी पितात. गप बसतात. वजन वाढतं."

रामरावांनी पट्ट्याकडं बघितलं. सकाळपासून तो दोन भोकं पुढं सरकला होता. "आणि हे किती दिवस चालतं?"

"बेचाळीस दिवस."

"मग बेचाळिसाव्या दिवशी काय होतं?"

बेचाळिसाव्या दिवशी पहाटे शेडसमोर कापायला नेणारी जाळीची गाडी लागते, आणि कोंबड्या पायाला धरून उलट्या आत टाकतात. कल्याणनं तोंड उघडलं. पण तेवढ्यात कडूबा फेटा सावरत टँकरमागं आला. "इवाई, तुम्ही इकडं व्हय! चला, पोरीला वाटं लावायची वेळ झाली."

वाटं लावताना साधना भावाच्या गळ्यात पडली आणि खूप रडली. तोही रडला. दिवसभराचं साचलेलं सगळं त्यात धुवून निघालं.

"दादा," ती हुंदक्यातून त्याच्या कानात म्हणाली, "आत्ता सासऱ्यायनी माझ्या डोक्यावर हात ठुला. म्हनले, बाई, आपल्या घरी जेवनाला कोनी नावं ठुत नसतं, बिनघोर ऱ्हाय. माझी जाऊ तर बघतच ऱ्हायली त्यांच्याकडं. असे कसे रे बदलले?"

"माणूस चांगला हाय," कल्याण म्हणाला. "समोर आलेलं समदं खाईल. तू घाबरू नको."

ती डोळे पुसत गाडीत बसली. बबलू तिच्या शेजारी बसला आणि बसल्या-बसल्या त्यानं विचारलं, वाटंत कुठं काही खायला मिळतं का. पुढच्या सीटवर रामराव होते. गाडी हलली तशी त्यांनी मान वळवून कल्याणकडं बघितलं. मग काचेला एका हाताची चार बोटं लावली, दुसऱ्या हाताची दोन, आणि भुवया वर केल्या. बेचाळीस, मग काय?

कल्याणनं दोन्ही हात जोडले आणि कमरेतून वाकला. भोवतालचे सगळे हळहळले, व्याह्याचा किती मान राखतो पोरगा. कडूबानं फेट्याच्या शेवानं डोळे टिपले. कल्याणनं मान वर केली तेव्हा गाडी तीर्थपुरीच्या रस्त्याला लागली होती, आणि वळणाआड जाईपर्यंत ती सहा बोटं काचेला तशीच चिकटलेली होती.